बोटभर

उद्यमनगरात नऊनंतर लेथ थांबतात
आणि लोखंडाचा वास हळूहळू खाली बसतो,
डब्यांवर, टपरीच्या बाकावर,
दिवसभर उभ्या राहिलेल्या माझ्या पोटऱ्यांवर.
मग आम्ही ताडपत्री काढतो.

गाडी कसली, सांगाडाच अजून:
सोळा फूट पाइप, मोडीतल्या जिप्सीचं इंजिन,
नाकात वजनाला बिडाचे दोन रिजेक्ट तुकडे,
आणि एक सीट, जिच्यात माझ्याशिवाय कुणी मावत नाही.
भाऊसो सुतारानं माझं माप घेतलं
फौंड्रीच्या पॅटर्नचं घ्यावं तसं, आकसायची जागा सोडून.
"बीड थंडीनं आकसतंय," म्हणाला, "माणूस भ्यानं."

एवढ्यात अडलं होतं आमचं:
चाक आणि सांगाडा, यांच्या मधे काय?

दस्तगीरभाईंच्या मेव्हण्यानं गांधीधामच्या खेपेतून
मिठाचा एक ढेकूळ आणलेला, पॉलिथिनमध्ये.
ज्या रानावर पळायचं, त्यातलं तेवढंच आम्ही पाहिलेलं.
भाऊसोनं खडा दाताखाली धरला.
"कडक हाय. परातीगत सपाट असणार.
कायबी नको मधे. वेल्ड मारा.
स्प्रिंग म्हंजे डुलणं,
आन् दोनशेच्या म्होरं डुललं की खेळ खलास."

सुयोग पॉलिटेक्निकचा. त्याला कॉइल हवी,
पुण्यात मिळते, चार नगांचे अडतीस हजार.
मी मनात भिशी मोजली,
मग आईचा चष्मा, मग पुन्हा भिशी.

दस्तगीरभाई काही बोलले नाहीत.
तीस वर्षं कमानपाटे ठोकलेला माणूस,
ट्रकवाले ज्याच्या दारात वाकडे येतात आणि सरळ जातात.
ढिगातून मॅटाडोरचा एक पाटा काढला,
सुतळीला टांगला, हातोडी मारली.
आवाज निघाला आणि निघतच राहिला,
शेजारच्या शेडमधलं कुत्रं उठून बसेपर्यंत.
दुसरा टांगला. ठक्क.
"ह्यात चीर हाय. डोळ्याला दिसायची न्हाई."

मग माझ्याकडे वळून,
"शालन, बसणार तू. तुला काय पायजे?"

सहा महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं,
मीही नाही.
मला मऊ नको होतं.
राधानगरीचा रस्ता मी माकडहाडानं पाठ केलाय,
लुनावर, मागे कास्टिंगचं पोतं बांधून.
दणके मला ओळखतात.
म्हणाले, "चाक भुईवर आहे की सुटलंय
एवढं मला कळलं पाहिजे. डोळ्याच्या आधी."

मागचं वेल्ड झालं. पुढं दोनच पाटे,
बाकीचे चार उतरवून भिंतीला लावले.
शॉकअबच्या दांडीवर सुयोगनं रबराची रिंग सरकवली:
जेवढं दबेल तेवढी ढकलली जाईल, आणि तिथंच राहील.
खोटं बोलायची तिला सोय नाही.

कागलच्या बाजूला अर्धवट रस्ता,
पहाटे साडेचार, दोन्ही टोकांना कंदील.
पळताना काय झालं ते मला सांगता येत नाही.
एका सांध्यावर स्टिअरिंग क्षणभर हलकं झालं,
रिकाम्या घागरीसारखं,
आणि पाट्यांनी ते परत माझ्या हातात दिलं.
बस, एवढंच.

टॉर्च घेऊन चौघं आडवे झालो गाडीखाली.
रिंग सरकली होती.
दस्तगीरभाईंची तर्जनी पेऱ्यात तुटलेली,
त्यांनी माझं बोट धरलं आणि दांडीला लावलं.
बरोबर बोटभर.
एवढ्या फटीसाठी सहा महिने,
आणि ती फट नसती तर,
हे कुणी मोठ्यानं म्हणालं नाही.

उजाडताना भाऊसो धूळ झटकत उठला.
"पळायचं झालं," म्हणाला.
"आता थांबायचं कसं, ते बघा की."